सासुरवाडीचं काम

आमच्या घरात जावयाला ‘नको’ म्हणायची पद्धत नाही. जावयाने आणलेला आंबा आंबट निघाला तर तो गोड म्हणून खायचा, आणि वर आणखी एक फोड मागून घ्यायची. एकदा दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, आमच्या न्हाणीघरात स्वतःच्या हाताने नळ बसवून दिला. तो पहिल्या दिवसापासून गळत होता. आई त्याच्याखाली बादली ठेवायची आणि दाजी यायचे असले की बादली उचलून परसात नेऊन ठेवायची. ‘पाव्हण्यांचा नळ हाय,’ म्हणून दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नाही. मी या सगळ्याची यथेच्छ टिंगल करायचो. शिकलेला ना मी! ही जुन्या माणसांची खुळं आहेत, आपल्या वाटेला येत नाहीत, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

आमचं गाव चाकणच्या कुशीत. जमीन बरीचशी कंपन्यांच्या कुंपणाआड गेली. उरलेल्या तुकड्यात थोडा कांदा आणि पुष्कळ भाड्याच्या खोल्या. दाजी राजगुरुनगरकडचे. आधी चाकणच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होते, मग चिखलीत एक पत्र्याची शेड भाड्याने घेऊन त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. एक लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि दारावर लिंबू-मिरची. मोठ्या वर्कशॉपवाल्यांचे सुटे भाग ते करून देतात. माणूस कमालीचा टापटिपीचा. शेडमध्येसुद्धा इस्त्रीचा शर्ट. ‘जॉब चांगला असून भागत न्हाई राव, दिसला पन पायजे,’ हे त्यांचं ब्रीद. त्यामुळे पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, मागो न मागो, शक्य असेल तो प्रत्येक जॉब शेजारच्या प्लेटिंगवाल्याकडून चकाचक होऊनच त्यांच्या दारातून बाहेर पडतो.

त्या शेडमध्ये चहाची एक रीत आहे. पार्टी आली की टपरीवरून चहा येतो, कागदी कपात. घरचं माणूस आलं की दाजी ग्राइंडरच्या वरच्या फळीवर पालथे ठेवलेले स्टीलचे पेले काढतात, स्वतः विसळतात आणि त्यात चहा ओततात. त्यातला काठाला पोचा आलेला पेला माझा. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी तो माझ्या नावावर केला होता, ‘मेव्हण्याच्या डोक्याला बी असाच पोचा हाय’ असं म्हणून.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पदार्थविज्ञानावर काम करतो. गावात याचा अर्थ एवढाच, की मी अजून शिकतोच आहे. पारावर बसलेला कुणी ना कुणी विचारतो, ‘अजून पास न्हाई का झालास?’ त्याला काय सांगणार? मग मी हसतो आणि गाडी पुढे काढतो. माझं काम नीट बसून ऐकून घेणारा गोतावळ्यात एकच माणूस होता, आणि ते दाजी.

त्याचं झालं असं. मला माझा नमुना धरून ठेवायला तांब्याचा एक होल्डर हवा होता. तळहाताएवढा, पण खाचा फार बारीक. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये रांग लागलेली, आणि तिथला बाबा माझं चित्र बघून नुसताच मान हलवत होता. मी चिखलीला गेलो. दाजींनी मापाचा व्हर्नियर पुसत विचारलं, ‘करतो की. पन शास्त्रज्ञ, हे नेमकं धरून ठेवणार काय, ते कळू दे.’

मी सांगायला लागलो. तारेतून वीज वाहते म्हणजे इलेक्ट्रॉन पळतात, आणि पळताना ठेचकाळतात. त्या ठेचकाळण्याने तार तापते. निओबियमसारखा धातू द्रवरूप हेलियमने भयंकर गार केला की इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात. जोडीने निघाले की ठेचकाळणं बंद. तार तापत नाही, वीज वाया जात नाही. ही अतिवाहकता. मात्र प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक इवलासा चुंबक असतो, त्याच्या त्या गुणाला फिरकी म्हणतात, आणि जोडीतल्या दोघांच्या फिरक्या एकमेकांच्या उलट असतात.

‘म्हंजे एकाचं तोंड वर, एकाचं खाली. तरी संसार नीट?’

‘एकदम नीट.’

‘मग त्यात काय शोध लावायचा? आमच्या घरी येऊन बघ.’

मी हसलो आणि पुढे सांगितलं. ही जोडी लोखंड किंवा कोबाल्टसारख्या चुंबकी धातूत शिरली की गडबड होते. तिथे हुकूम असतो, सगळ्यांनी तोंड एकाच दिशेला करा. उलटसुलट तोंडांची जोडी दारातच फुटते. पण उंबऱ्यावर एक पातळ थर वेगळ्या दिशेला वळवलेल्या चुंबकाचा ठेवला, तर काही जोड्या तिथे बदलतात. दोघांची तोंडं एकाच दिशेला होतात आणि तरीही जोडी टिकते. मग आतल्या चुंबकाची काही तक्रार उरत नाही, आणि ती जोडी कोबाल्टमधून लांबपर्यंत सुखाने जाते. न तापणारा प्रवाह, आणि वर एकाच फिरकीचा. तो उंबऱ्यावरचा थर बाहेरून चुंबक लावून फिरवायचा आणि प्रवाह आपल्या मर्जीने चालू-बंद होतो हे दाखवायचं, एवढंच माझं काम. उद्या अशा गोष्टींतून संगणकाची स्मृती बनवता येईल, न तापणारी.

दाजींनी चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, ‘उंबऱ्यावर कुणीतरी समजावून सांगनारं पायजे, की मग आत नांदत्यात. बराबर?’

बराबर. माझ्या मार्गदर्शक सरांनासुद्धा हे इतक्या थोडक्यात सांगता आलेलं नाही.

पुढच्याच रविवारी दाजी आणि ताई घरी आले. दाजींच्या हातात नव्या पंचात गुंडाळलेलं काहीतरी. आईने आधी पाणी दिलं, मग चहा टाकला, आणि ते पंचा सोडत असताना ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली. आतून होल्डर निघाला. मला वाटलं होतं तांब्याचा लाल तुकडा असेल. हा आरशासारखा पांढराशुभ्र चमकत होता. खाचा अशा की नखाने चाचपून बघितल्या तरी कड लागू नये.

‘ह्यो रंग कसला?’ आईने कौतुकाने विचारलं.

‘निकल. तांब्याला हात लागला की काळं पडतं. सासुरवाडीचं काम, ते काय उघडं-नागडं द्यायचं व्हय? इलेक्ट्रोप्लेटिंग करून घेतलं, चांगला थर बसवून.’

निकल. लोखंड, कोबाल्ट आणि निकल, हे तीन चुंबकी धातू शाळेतलं पोरगंही एका दमात सांगतं. माझी तर सगळी हयात त्यावर चाललेली. चुंबकाचा मागमूस नसावा म्हणून आम्ही खिळासुद्धा पितळेचा वापरतो. मुंगी चावावी तसं मला काहीतरी चावलं, नाही असं नाही. पण दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते, ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि आई ट्रे घेऊन उभी होती.

‘वा!’ मी म्हणालो.

मग मनाशी म्हटलं, थर असून असून किती असणार. त्याने काय होतंय. वर आणखी म्हटलं, बघू नंतर. आईच्या बादलीला हसणारा मी, स्वतःची बादली उचलून परसात ठेवून मोकळा झालो.

मापं घ्यायला लागलो आणि पहिल्याच खेपेला लॉटरी लागली. बाहेरचं चुंबकी क्षेत्र हळूहळू वाढवत न्यायचं आणि हळूहळू उतरवायचं. चढताना एका ठिकाणी प्रवाह जितका, उतरताना त्याच ठिकाणी तितका नव्हता. म्हणजे नमुन्याला आठवण होती. उंबऱ्यावरचा थर वळला होता आणि वळलेलाच राहिला होता, असं आम्ही म्हटलं. सर खुर्चीतून उठून खोलीत येरझाऱ्या घालू लागले. त्यांना आनंद झाला की ते असं करतात. मग त्यांनी होल्डर हातात घेतला.

‘काम सुरेख आहे. कुणी केलं?’

‘चिखलीचे एक वेंडर आहेत,’ मी म्हणालो. नात्यातल्या माणसाला काम दिलं असं दिसू नये, हा त्यातला शहाणपणा.

‘पुढचे सगळे यांच्याकडूनच करून घेऊ.’

हे वाक्य मी त्याच संध्याकाळी दाजींना फोनवर सांगितलं. त्यांनी शेडचा एक कोपरा रिकामा केला. तिथे टेबल मांडलं, वर काच टाकली आणि त्या टेबलावर तेलकट फडकंसुद्धा कुणाला ठेवू दिलं नाही. येईल त्या पार्टीला सांगायचे, ‘ते लॅबचं हाय. शास्त्रज्ञांचं काम येनार.’ एवढी वर्षं ते दुसऱ्याच्या वर्कशॉपच्या नावाने जॉब करत आले होते. माल त्यांच्या हातचा, नाव भलत्याचं. हे पहिलं काम असं होतं की जिथं वापरलं जाणार तिथं थेट त्यांच्या शेडचं नाव जाणार होतं. त्या काचेच्या टेबलाचा अर्थ मला पुरता कळत होता. म्हणून तर पुढचं सगळं जास्त लागलं.

शोधनिबंध पाठवण्याआधी सर म्हणाले, साधा नमुना पण मोजून टाक. साधा म्हणजे ज्यात चुंबकी थर नाहीतच. दोन्ही बाजूंना निओबियम आणि मध्ये नुसतं तांबं. त्यातून साध्या उलट्या जोड्या मजेत जातात, आणि त्याला आठवण असण्याचं काही कारणच नाही. मी तो होल्डरमध्ये बसवला, गार केला, क्षेत्र चढवलं, उतरवलं.

त्याला आठवण होती. हुबेहूब तीच.

मी पडद्याकडे बघत बसलो. शोधाशोध करायची गरजच नव्हती. मला उत्तर माहीत होतं. ते मला रविवारी चहाच्या ट्रेसमोरच माहीत झालं होतं. तरी होल्डर बाहेर काढला, एक बारीक पण जोरकस चुंबक दोऱ्याला बांधला आणि जवळ नेला. दोरा तिरका झाला. नमुन्याला कसलीच आठवण नव्हती. आठवण दाजींच्या निकलला होती. बाहेरचं क्षेत्र काढून घेतलं तरी तो थर थोडा चुंबक होऊन बसायचा, आणि आम्ही ते इलेक्ट्रॉनच्या जोड्यांच्या नावावर खपवत होतो.

सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसते खाली बसले. ‘निकल प्लेटिंग? कुणी करायला सांगितलं?’

इथे एक सरळ वाक्य होतं: मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. बाहेर पडलं ते दुसरंच.

‘वेंडरनं केलं, सर. न विचारता.’

‘बदला त्याला,’ सर म्हणाले, आणि विषय संपला.

माझ्यासाठी मात्र तो तिथून सुरू झाला. परिषदेला आधीच पाठवलेलं टिपण मागे घेतलं, कित्येक महिन्यांचं काम फुकट गेलं, याचं मला जितकं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही. रोज चिखलीवरून जाताना मात्र मी शेडच्या गल्लीकडे बघत नव्हतो. दाजींचा फोन यायचा. ते बिचारे कधी थेट विचारायचे नाहीत. ‘काय शास्त्रज्ञ, जोड्या नांदत्यात का?’ असं म्हणायचे. मी म्हणायचो, नांदतायत. मग थोडं थांबून, ‘आन् आपल्या त्या कामाचं?’ मी म्हणायचो, बजेट अडकलंय. खोटं बोलायला मला फार वेळ लागत नाही, हे तेव्हा कळलं. स्वतःची लाज वाटायची, आणि गंमत म्हणजे त्या लाजेचा राग मी दाजींवर काढायचो. कुणी सांगितलं होतं प्लेटिंग करायला! एवढी कसली हौस!

अशात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, वाण द्यायचं, ही आमच्याकडची चुकवता न येणारी गोष्ट. आईने दाजींना पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि तांब्याच्या ताटात अनारसे रचून, वर दिवा लावून ते ताट त्यांच्या हातात दिलं. चुलते, चुलत्या, शेजारी सगळे जमलेले. आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली, ‘पाव्हणं, तुमच्या हातामुळं आमच्या पोराचं काम झालं. न्हाईतर ह्यो बसला असता अजून दहा वर्सं शिकत.’

सगळे हसले. दाजी लाजले. ताटाला बोटाने टिचकी मारून म्हणाले, ‘आई, ह्ये बी प्लेटिंग करून देऊ का?’ आणखी हसू झालं. मी ताटातला धोंडा कुस्करत बसलो.

जेवणं झाल्यावर दाजींनी पिशवीतून पंचा काढला. पुन्हा एक होल्डर. ‘म्हटलं, बजेट यायच्या आत एक जादा तयार असू दे. पयल्यात डाव्या खाचेत मला समाधान नव्हतं. आन् ह्याच्यावर निकलचा डबल कोट हाय.’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आईनेही.

‘वा,’ मी म्हणालो.

दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी मला मुंगी चावली होती असं म्हणायची तरी सोय होती. या वेळी मला सगळं ठाऊक होतं. त्या दिवसाइतकं क्षुद्र मला कधी वाटलेलं नाही. एवढ्या मानाने पाटावर बसवलेल्या माणसाला मी घरच्यांसमोर धडधडीत फसवत होतो, आणि फसवण्याला मान देणं म्हणत होतो.

त्यानंतरच्या एका गुरुवारी संस्थेच्या फाटकावरून फोन आला, तुमचे नातेवाईक आलेत. गुरुवार म्हणजे त्यांच्या शेडची सुट्टी. दाजी उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी, एका हातात ताईने दिलेला डबा आणि दुसऱ्या हातात व्हर्नियरची पेटी.

‘म्हटलं, जॉब बसवल्यावर कसा दिसतो ते बगावं. फिटिंगला काय सैल-घट्ट असंल तर हितंच माप घेऊन जातो.’

परत पाठवायला काय कारण सांगणार? नेलं आत. प्रयोगशाळेत ते चप्पल बाहेर काढून आले. हेलियमची भांडी, नळ्या, पंप, सगळं हात मागे बांधून बघत होते. उपकरणाचं टोक उघडंच होतं, आणि त्यात संस्थेच्या वर्कशॉपने कसाबसा करून दिलेला उघड्या तांब्याचा होल्डर बसवलेला. काळपट, कडांना करवतीच्या खुणा.

दाजींनी वाकून बघितलं. ‘ह्यो माझा न्हाई.’

‘नाही. ते… तुमचा दुसऱ्या मापाला आहे,’ मी म्हणालो. तेवढ्यात सर आले.

मी ओळख करून दिली. ‘सर, हे माझे दाजी.’ एवढीच. सर मोकळ्या स्वभावाचे. कुणी पाहुणा आला की त्याला सगळं समजावून सांगायची त्यांना हौस. दाजी होल्डरकडे बघतायत हे पाहून ते म्हणाले, ‘दिसायला गबाळा आहे, पण हाच बरा. आधी एका वेंडरनं देखणा करून दिला होता, पण निकल लावून ठेवलं न विचारता. निकल चुंबकी. आमचं सगळं काम पाण्यात गेलं. बदलावा लागला.’

मी जमिनीकडे बघत होतो. पंपाचा आवाज येत होता. आता दाजी सांगतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी सांगावं अशी माझी इच्छा होती, म्हणजे मला सांगावं लागलं नसतं.

दाजी म्हणाले, ‘बराबर हाय, सर. असला वेंडर बदलायलाच पायजे.’

सर त्यांना आणखी काही दाखवत राहिले. दाजी माना डोलावत राहिले. मी दोघांच्या मागे मागे चालत होतो.

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. त्यांनी पेटी डिकीत ठेवली, डबा माझ्या हातात दिला, आणि मग म्हणाले, ‘निकल हाय म्हणून मी त्याच दिवशी सांगितलं व्हतं.’

‘हो.’

‘तुला तवाच कळलं व्हतं?’

‘कळलं होतं,’ मी म्हणालो.

‘मग?’

‘आई उभी होती. तुम्ही एवढ्या हौसेनं आणलेलं. घरच्या जावयाला कसं…’

‘पाव्हणा मी तुमच्या घरात,’ दाजी म्हणाले. ‘मशीनवर मी पाव्हणा न्हाई.’

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. ‘आमच्यात जॉब रिजेक्ट झाला की लाल रंग मारून परत येतो. राग येतो, पन कळतं तरी. तू लाल रंग मारला न्हाईस. आन् मी येड्यावानी त्याच्यावर डबल कोट मारून दुसरा आनला. चार मान्सांत. त्याला बी तू वा म्हनलास.’

त्यांनी हेल्मेट घातलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. ‘पाव्हणं आलं व्हतं. सरळ न्हाणीघरात गेलं. खाली बादलीचा गोल डाग पडलाय, तो बघितला आन् नळ काढून घेऊन गेलं. चहा बी घेतला न्हाई. तू काय बोललास रं त्यास्नी?’

काही बोललो नाही, हेच तर झालं होतं. पण ते आईला कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेलो आणि दार लावून सगळं सांगितलं. वेंडर कोण, रविवार, ट्रे, वा. सर ऐकत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे ती मापं घेत होतास तेव्हा तुला शंका होती?’

‘होती.’

‘मग चूक वेंडरची नाहीच.’ त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘आणि काल ते माझ्यासमोर उभे होते.’ शेवटी म्हणाले, ‘त्यांना नीट ड्रॉइंग पाठव. प्लेटिंग नको, असं स्पष्ट लिही. संस्थेचं काम म्हणून पाठव, घरचं म्हणून नाही.’

मी तसं पाठवलं. ‘ओके’ एवढं उत्तर आलं. घरी नवा नळ बसला, पण तो दाजींनी स्वतः बसवला नाही, प्लंबर पाठवला. तो गळत नाही. आई अजून सवयीने त्याच्याखाली बादली सरकवते आणि मग काढून घेते.

काम तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा मी चिखलीला गेलो. काचेचं टेबल जागेवर होतं, आणि त्यावर होल्डर. उघड्या तांब्याचा, लाल, कुठेही बोटाचा ठसा नाही. इतकं नितळ तांबं मी बघितलेलं नाही. शेजारी दोऱ्याला बांधलेला चुंबक तयार ठेवला होता. चाकणच्या एका कंपनीचा माणूसही त्याचे भाग न्यायला आला होता, तो दाराशी स्टुलावर बसला होता.

‘या साहेब,’ दाजी म्हणाले. ‘आधी चुंबक लावून बघा.’

मी म्हणालो, ‘दाजी, बघायची गरज नाही.’

‘गरज हाय. तुमी तपासल्याबिगर माल जानार न्हाई.’

मला ते कधी ‘तुमी’ म्हणाले नव्हते. मी दोरा धरला. चुंबक होल्डरच्या चारही बाजूंनी फिरवला. दोरा सरळ लोंबकळत राहिला. दाजी माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, दोऱ्याकडे बघत होते.

‘वा’ अगदी ओठांवर आलं होतं. या वेळी ते खरं होतं. पण तो शब्द मी आधीच दोनदा वापरून बसलो होतो.

‘ओके आहे,’ मी म्हणालो.

त्यांनी होल्डर कागदात गुंडाळला आणि माझ्यापुढे ठेवला. मग गल्लीकडे तोंड करून टपरीवाल्याला हाक मारली, ‘भावा, दोन पार्टी हायेत, दोन चहा पाठव.’

ग्राइंडरच्या वरच्या फळीवर पेले पालथे होते. पोचा आलेला माझा पेला सगळ्यात मागे होता. चहा आला. मी तो कागदी कप दोन्ही हातांनी धरला आणि उभ्या उभ्या संपवला.